नाव घेणं वेगळं, नाव लावणं वेगळं: आरोग्य शिबिरात दुसऱ्या संस्थेची ट्रेडमार्क नावं कशी वापरावीत

प्रश्न (थोडक्यात): आमचा नागपुरात नोंदणीकृत ट्रस्ट आहे. मी निवृत्त डॉक्टर, ट्रस्टची चिटणीस. काटोल, कळमेश्वर, उमरेड भागातल्या आशाताईंसाठी आम्ही तीन कार्यक्रम घेतो. १४ नोव्हेंबरचं मधुमेह शिबिर, एखाद्याचं हृदय अचानक बंद पडलं तर काय करावं याचं प्रशिक्षण, आणि मानसिक त्रासात असलेल्या माणसाला पहिला आधार कसा द्यावा याची दोन दिवसांची कार्यशाळा. यंदाच्या पत्रकावर निळं वर्तुळ, ‘हार्टसेव्हर’ आणि ‘मेंटल हेल्थ फर्स्ट एड, नागपूर’ असं छापलं आहे. एक स्नेही म्हणतात, ही परदेशी संस्थांची ट्रेडमार्क नावं आहेत, तोंडातूनही काढू नका. दुसरे म्हणतात, आपण एक रुपया घेत नाही, कोण विचारतं? २,००० पत्रकं छापून आली आहेत. पत्रकाचा फोटो सोबत पाठवते. काय करावं?

उत्तर:

मॅडम, दोघांचंही ऐकू नका. पहिल्यांचं ऐकलं तर आशाताईंना साधी माहिती देणंही अवघड होईल. दुसऱ्यांचं ऐकलं तर ज्यांच्या भल्यासाठी हे सगळं चाललं आहे त्यांचीच दिशाभूल होईल. मी बावीस वर्षं ट्रेडमार्कचं काम करतो आहे. त्यातला मोठा वाटा दवाखाने, फिजिओथेरपिस्ट, औषध दुकानदार आणि तुमच्यासारखे ट्रस्ट यांच्या कामाचा आहे. या सगळ्यांना मी एकच फरक सांगत आलो आहे: नाव घेणं वेगळं, नाव लावणं वेगळं.

एखाद्या संस्थेचं नाव घ्यायला तिची परवानगी लागत नाही. ‘अमुक संस्थेचा असा अभ्यासक्रम आहे, आमच्या दोन डॉक्टरांनी तो पूर्ण केला आहे’ हे वाक्य खरं असेल तर पत्रकात लिहा, भाषणात सांगा, वर्तमानपत्रालाही द्या. नाव लावणं हे आडनाव लावण्यासारखं आहे. आडनाव ऐकलं की आपण धरून चालतो, हा त्या घरचा. शिबिराच्या मथळ्यावर, प्रमाणपत्रावर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपच्या नावात दुसऱ्या संस्थेचं चिन्ह आलं की वाचणारा तसंच धरून चालतो. हे त्या संस्थेचं शिबिर आहे, शिकवणारी माणसं तिने पारखलेली आहेत, चूक झाली तर ती जबाबदार आहे, असं त्याला वाटतं. यातलं काहीही खरं नसेल तर ते नाव लावायचा हक्क आपल्याला नाही.

ट्रेडमार्क अधिनियम, १९९९ मध्ये हाच फरक कायद्याच्या भाषेत आहे. तिथे ‘चिन्ह’ म्हणजे चित्र आणि नाव, दोन्ही. कलम २९ सांगतं की नोंदणीकृत चिन्ह, किंवा त्याच्याशी घोटाळा होईल इतकं मिळतंजुळतं चिन्ह, व्यवहारात आपलं म्हणून वापरलं तर तो मालकाच्या हक्काचा भंग होतो. कलम ३० त्याला मर्यादा घालतं. प्रामाणिक रीतीने, चिन्हाच्या लौकिकाचा गैरफायदा न घेता केलेला वापर, आणि सेवेचा प्रकार, गुण किंवा हेतू सांगण्यापुरता केलेला वापर त्यातून सुटतो. कलम ३५ नुसार आपल्या सेवेचं खरं वर्णन प्रामाणिकपणे करणाऱ्याला अडवता येत नाही. म्हणजे वर्णनाला मोकळीक आहे, ओळख उसनी घ्यायला नाही.

आता ‘एक रुपया घेत नाही’ याबद्दल. फी न घेणं ही चांगली गोष्ट आहे, पण ती ढाल म्हणून पुरत नाही. कायद्यातली ‘सेवा’ची व्याख्या लोकांना उपलब्ध करून दिलेल्या कोणत्याही सेवेपासून सुरू होते, आणि पुढच्या यादीत शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय तुमचं शिबिर मोफत असलं तरी बॅनर कोणी छापून दिलं? फोटोत खाली एका औषध कंपनीचा लोगो दिसतो आहे. आपल्याकडे ही सर्रास पद्धत आहे. एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, येतो, बॅनर आणि पाण्याच्या बाटल्यांचा खर्च उचलतो, कोपऱ्यात कंपनीचं नाव टाकतो. त्यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. पण एका ना-नफा संस्थेचं चिन्ह आणि औषध कंपनीचा लोगो एकाच कापडावर आले की ती संस्था त्या औषधाच्या पाठीशी आहे असं चित्र उभं राहतं. या संस्था सगळ्यात जास्त धास्तावतात त्या याच चित्राला. म्हणून प्रायोजक असेल त्या कागदावर परक्या संस्थेचं चिन्ह ठेवूच नका, परवानगी असली तरी त्या परवानगीत प्रायोजकाचा उल्लेख आहे का ते आधी पाहा.

लोकसेवा करणाऱ्या संस्था नावासाठी एवढ्या का भांडतात, असं मला अनेकदा विचारलं जातं. कारण आरोग्याच्या क्षेत्रात नाव हेच आश्वासन असतं. छाती किती खोल दाबायची हे चुकीचं शिकवलेला माणूस हातात नामांकित संस्थेचं नाव असलेला कागद घेऊन कारखान्यात प्रथमोपचारक म्हणून उभा राहिला, तर त्याची किंमत दुसरा कोणीतरी जिवानिशी मोजतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कॅडिला हेल्थ केअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स या खटल्यात ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या मलेरियावरच्या औषधांच्या नावांचा प्रश्न हाताळला. औषधांच्या बाबतीत नावांतला घोटाळा जिवावर बेतू शकतो, म्हणून तिथे कसोटी अधिक कडक हवी, असं न्यायालयाने बजावलं. आपल्या देशातल्या अनेक भाषा, शहर आणि खेड्यातलं अंतर, इंग्रजी न येणारा ग्राहक, या सगळ्याचा विचार करा, असंही सांगितलं. तुमच्या आशाताईंच्या संदर्भात मला हा निकाल फार जवळचा वाटतो.

आता तुमच्या पत्रकातल्या एकेका नावाकडे येऊ.

निळं वर्तुळ हे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचं चिन्ह आहे. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन मानण्याचा ठराव केला, त्याच मोहिमेतून हे चिन्ह पुढे आलं. १४ नोव्हेंबर ही तारीख इन्सुलिनच्या शोधातले फ्रेडरिक बँटिंग यांच्या जन्मदिवसाची. ‘जागतिक मधुमेह दिनानिमित्त मोफत रक्तशर्करा तपासणी’ ही ओळ तुम्ही बिनधास्त छापा. दिवसाचं नाव वर्णन म्हणून आलं आहे, त्यात अडचण नाही. वर्तुळ छापायचं असेल तर महासंघाने त्याच्या वापराचे जे नियम ठरवले आहेत ते वाचून, त्यांनी दिलेलीच प्रतिमा घ्या. निळ्याचा भगवा करणं, वर्तुळात ट्रस्टचं बोधचिन्ह बसवणं, मध्ये एखाद्या नेत्याचा फोटो टाकणं, हे करू नका. तुमच्या पत्रकात वर्तुळाच्या आत ट्रस्टचं नाव आहे. ते काढावं लागेल.

इथे एक उलट उदाहरण सांगतो. एड्सविषयीची लाल रिबीन न्यूयॉर्कमधल्या ‘व्हिज्युअल एड्स’ या गटाच्या कलावंतांनी १९९१ साली तयार केली आणि मुद्दाम कोणाच्याही मालकीची ठेवली नाही, सगळ्यांनी ती वापरावी म्हणून. म्हणजे प्रत्येक आरोग्य-चिन्ह सारखं नसतं. काही दारं उघडी ठेवलेली असतात, काहींना कडी असते. छापण्याआधी कोणतं कोणतं आहे ते बघणं हे आपलं काम.

‘हार्टसेव्हर’चं उत्तर सरळ आहे. ते अमेरिकन हार्ट असोसिएशनने अमेरिकेत नोंदलेलं चिन्ह आहे, आणि सामान्य माणसांसाठीच्या तिच्या ठरावीक अभ्यासक्रमांचं ते नाव आहे. तिची कोर्स पूर्ण केल्याची कार्डं फक्त तिच्याशी करार असलेल्या प्रशिक्षण केंद्रांतून, तिने मान्यता दिलेल्या प्रशिक्षकांमार्फत मिळतात. तुमच्या ट्रस्टचा तसा करार नाही, त्यामुळे मथळ्यातून ते नाव काढा. पण ‘सीपीआर’, ‘जीवनरक्षक प्रशिक्षण’, ‘छातीवर दाब देण्याचं प्रशिक्षण’ हे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत. ‘बेसिक लाइफ सपोर्ट’ हेही मुळात वर्णनच आहे. सामान्य माणसाला तोंडाने श्वास न देता फक्त छातीवर दाब द्यायला शिकवण्याची ‘कॉम्प्रेशन ओन्ली लाइफ सपोर्ट’ नावाची मार्गदर्शक पद्धत भारतातल्या भूलतज्ज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केली आहे. तुमच्या ट्रस्टमध्ये भूलतज्ज्ञ आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. त्यांच्यामार्फत त्या मंडळींशी बोललात तर आशाताईंसाठी हा रस्ता मला जास्त सोयीचा वाटतो. तिथेही प्रमाणपत्राबद्दल आधी लेखी विचारून घ्या.

‘मेंटल हेल्थ फर्स्ट एड’ हा यातला सगळ्यात नाजूक भाग, कारण तो ऐकायला साध्या वर्णनासारखा वाटतो. हा अभ्यासक्रम २००० साली ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि टोनी जॉर्म या दांपत्याने सुरू केला, आणि पुढे अनेक देशांत परवान्याने गेला. हे चार शब्द त्या क्रमाने, मोठ्या अक्षरात, कार्यशाळेचं नाव म्हणून आले की ते चिन्ह लावणं झालं. तुम्ही तर पुढे ‘नागपूर’ही जोडलं आहे. बहुतेकांना वाटतं की गावाचं नाव जोडलं की आपण वेगळे झालो. होतं नेमकं उलट. बँकेच्या नावापुढे ‘सीताबर्डी’ आलं की आपण ती शाखा समजतो. परक्या संस्थेच्या चिन्हापुढे गावाचं नाव लावणं म्हणजे तिची शाखा असल्याचं जाहीर करणं.

मग विषयच सोडायचा का? मुळीच नाही. संकटात सापडलेल्या माणसाला पहिला मानसिक आधार देणं ही कल्पना कोणाच्या मालकीची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने इतर दोन संस्थांबरोबर २०११ साली क्षेत्रीय कार्यकर्त्यांसाठी मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तेव्हा शीर्षकात ‘सायकॉलॉजिकल फर्स्ट एड’ हा सर्वसाधारण शब्दच होता. ज्या विदर्भात शेतकऱ्याच्या घरातला अबोला गावाला उशिरा कळतो, तिथे आशाताईने दारात बसून काय विचारावं, काय विचारू नये, हे शिकवायला कोणाचं चिन्ह लागत नाही. कार्यशाळेला तुमचं स्वतःचं मराठी नाव द्या आणि खाली वर्णनाची ओळ लिहा: ‘मानसिक त्रासात असलेल्यांना पहिला आधार: आशा कार्यकर्त्यांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा’. ‘मेंटल हेल्थ फर्स्ट एड’ अभ्यासक्रमाचं आद्याक्षरांचं सूत्र, त्याच्या तक्त्यांची मांडणी आणि त्याच्या स्लाइड मात्र घेऊ नका.

इथे ट्रेडमार्कपेक्षा वेगळा हक्क येतो, तो कॉपीराइटचा. बरेच जण ‘आम्ही मराठीत भाषांतर केलं, आता ते आमचं’ असं समजतात. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १४ नुसार भाषांतर करण्याचा हक्कही मूळ मालकाचाच आहे. ज्ञान कोणी अडवू शकत नाही, पण त्याची लिहिलेली मांडणी अडवू शकतो. म्हणून मूळ पुस्तिका बाजूला ठेवा, तुमचे मानसोपचारतज्ज्ञ आणि दोन अनुभवी आशाताई यांना एकत्र बसवा आणि आपल्या भाषेत नव्याने लिहा. ते साहित्य भाषांतरापेक्षा चांगलं उतरतं, हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटना अलीकडच्या बहुतेक प्रकाशनांना बिगर-व्यापारी वापराचा खुला परवाना देते. त्या परवान्यातही भाषांतर आपण केलं आहे आणि संघटना त्याला जबाबदार नाही असं स्पष्ट छापावं लागतं, आणि तिचं बोधचिन्ह वापरता येत नाही. त्या संघटनेचं नाव आणि बोधचिन्ह तर आपल्याकडे १९५० च्या बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियमाच्या अनुसूचीतच आहे.

मराठीत लिहिलं की सुटलो, हाही एक समज. ट्रेडमार्क अधिनियमाचं कलम २९ (९) म्हणतं की शब्दचिन्हाचा भंग तोंडी वापरानेही होतो. मग देवनागरीत लिहिलेला तोच उच्चार कसा सुटेल? आणि कानाला सारखं लागणारं नावही सुटत नाही. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९६२ साली निकाली निघाला. दोन्ही शब्दांचे अर्थ वेगळे आहेत, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. सर्वसाधारण बुद्धीचा, आठवण पुसट असलेला माणूस शब्द फोडून अर्थ लावत बसत नाही, तो एकूण आवाज लक्षात ठेवतो, हा त्यातला विचार. (एक मालक बरीच वर्षं गप्प राहिल्यामुळे दुसऱ्याला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, तो वेगळा भाग.) त्यामुळे ‘हार्टसेव्हर’ ऐवजी ‘हार्टसेवक’ असा मार्ग कोणी सुचवला तर तो घेऊ नका.

पत्रकाची मांडणी किती महत्त्वाची असते हे ‘शुगर फ्री’च्या वादात दिसलं. ‘शुगर फ्री’ हे कॅडिला कंपनीच्या, साखरेऐवजी वापरायच्या गोड पदार्थाचं चिन्ह. गुजरातच्या दूध महासंघाने अमूलच्या प्रोबायोटिक गोठवलेल्या पदार्थावर ते शब्द ठळक छापले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये आणि मग २००९ मध्ये अपिलात जी भूमिका घेतली ती मी प्रत्येक अशिलाला सांगतो. शब्द वर्णनाचे आहेत, ते वापरायला बंदी नाही, पण ‘अमूल’ या स्वतःच्या नावापेक्षा ते मोठे आणि उठून दिसतील असे छापू नका, वाक्यात वर्णन म्हणून येऊ द्या. म्हणजे महाल भागातल्या छापखान्यात डिझायनरशेजारी बसल्यावर पाहायची गोष्ट हीच की सगळ्यात मोठी अक्षरं कोणाची आहेत. तुमच्या ट्रस्टचं नाव वर आणि मोठं, परक्या संस्थेचं नाव फक्त मजकुरात, त्याच टाइपात, त्याच रंगात. तुमच्या पत्रकात ट्रस्टचं नाव शेवटच्या ओळीत, पत्त्याच्या आकाराचं आहे.

या संस्थांच्या नियमपत्रकांत बहुधा काही सूचना ठरलेल्या असतात. चिन्ह विशेषणासारखं वापरा, त्यामागे सामान्य नाम ठेवा, अनेकवचन करू नका, त्याला षष्ठी लावू नका, अक्षरं बदलू नका. हे नियम इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले असतात आणि मराठीत तसेच पाळता येत नाहीत, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. काही वेळा शब्दाचं रूपच बदलतं. आर्ट ऑफ लिव्हिंगचं ‘सुदर्शन क्रिया’ हे नाव घ्या. ‘सुदर्शन क्रियेचा अनुभव’ म्हटलं की चिन्हातलं ‘क्रिया’ मोडलं. यावर मी काढलेला तोडगा सोपा आहे: चिन्हामागे एक सामान्य नाम ठेवा आणि प्रत्यय त्या नामावर जाऊ द्या. ‘सुदर्शन क्रिया तंत्राचा’, ‘हार्टसेव्हर अभ्यासक्रमात’, ‘हार्टसेव्हर अभ्यासक्रमाला’. चिन्ह अखंड राहतं आणि मराठीही बिघडत नाही. परदेशी संस्थांशी भाषांतराचा पत्रव्यवहार करताना मी ही अडचण आणि हा उपाय पहिल्याच पत्रात मांडतो. तो नाकारल्याचं मला आठवत नाही.

वर्तुळातला ‘आर’ फक्त नोंदणी झालेल्या चिन्हापुढे लावायचा. स्वतःच्या नोंदणी न झालेल्या नावापुढे तो लावला तर कलम १०७ खाली दंड होऊ शकतो. अर्ज केला असेल किंवा नुसता दावा असेल तर ‘टीएम’ पुरे. दुसऱ्याचं चिन्ह असेल तर मजकुरात पहिल्यांदा येईल तिथे खूण आणि शेवटी मालकीची ओळ, एवढं बास.

ती ओळ अशी लिहा: ‘हार्टसेव्हर हे अमेरिकन हार्ट असोसिएशनचं चिन्ह आहे. हे प्रशिक्षण आमच्या ट्रस्टचं असून त्या संस्थेशी ते संलग्न नाही आणि तिने त्याला मान्यता दिलेली नाही.’ वाचता येईल अशा आकारात लिहा, आणि मराठीतच लिहा, कारण वाचणारी आशाताई मराठीत वाचणार आहे. पण मथळा एक सांगत असेल आणि तळटीप दुसरंच, तर तळटीप तुम्हाला वाचवत नाही.

व्यक्तीने स्वतःच्या प्रशिक्षणाचा उल्लेख करण्यात काही वावगं नाही. धंतोलीतल्या एका फिजिओथेरपिस्टचं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. त्यांनी एका परदेशी ना-नफा संस्थेचा पाठदुखीवरचा अभ्यासक्रम मन लावून पूर्ण केला होता आणि क्लिनिकच्या पाटीवर त्या पद्धतीचं नाव घालून पुढे ‘सेंटर’ लिहिलं होतं. संस्थेचं पत्र आल्यावर त्यांना वाटलं आपली मेहनतच नाकारली. आम्ही पाटीवर त्यांचं स्वतःचं नाव घातलं आणि खाली लहान अक्षरात ‘या पद्धतीचं प्रशिक्षण पूर्ण’ आणि वर्ष. संस्थेने लेखी कळवलं की यावर हरकत नाही. पेशंटही कमी झाले नाहीत, कारण ते त्यांच्या हातांसाठी येत होते.

परदेशी नोंदणी भारतात चालते का, हाही प्रश्न तुमच्या मनात असेल. आपोआप चालत नाही. ट्रेडमार्कचा हक्क देशागणिक असतो. ‘प्रिअस’ या गाडीच्या नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं की नाव जगात प्रसिद्ध आहे एवढं पुरत नाही, भारतात त्याचा लौकिक होता हे दाखवावं लागतं. पण २०१३ पासून भारत माद्रिद करारात आहे, त्यामुळे परदेशी संस्था तिकडूनच अर्ज करून भारतात नोंदणी मिळवू शकते. म्हणून ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या मोफत पब्लिक सर्चमध्ये शब्दाने आणि उच्चारानेही शोधा. नोंदणी वस्तू आणि सेवांच्या ठरलेल्या वर्गांनुसार होते: वर्ग ४४ वैद्यकीय सेवांचा, ४१ प्रशिक्षणाचा, १६ छापील साहित्याचा. कसं शोधायचं हे शिकायचं असेल तर हिस्लॉप कॉलेज रोडवर राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. ती याच विषयाचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे आणि नागपूरकरांनी तिचा जेवढा उपयोग करून घ्यायला हवा तेवढा केलेला नाही. नोंदणी न सापडली तरी नाव लावायला मोकळीक मिळाली असं समजू नका. लौकिक असेल तर नोंदणीशिवायही दावा होतो, आणि कायद्यापलीकडे आशाताईंची दिशाभूल ती दिशाभूलच.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटली. पत्रकाच्या उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल क्रॉस आहे. रामदासपेठेत एक फेरी मारली तर गाड्यांच्या काचांवर, रुग्णवाहिकांवर, औषध दुकानांच्या पाट्यांवर तो दिसेल, म्हणून आपल्याला ते डॉक्टरकीचं चिन्ह वाटतं. ते तसं नाही. १८६४ च्या जिनिव्हा करारापासून ते युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांचं संरक्षण-चिन्ह आहे. यांच्यावर गोळी झाडू नका, एवढाच त्याचा अर्थ. भारतात जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अधिनियम, १९६० च्या कलम १२ नुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरायला बंदी आहे. दंड ५०० रुपयांपर्यंतचाच आहे, म्हणून कोणी मनावर घेत नाही. मला मात्र ते फार लागतं. जे चिन्ह रणांगणावर कोणाचा तरी जीव वाचवण्यासाठी राखून ठेवलं आहे ते आपण पार्किंगसाठी खर्च करतो. इथे ‘वर्णनासाठी वापरलं’ ही सवलतही नाही. ते आधी काढा.

प्रमाणपत्राबद्दल कडक शब्दांत सांगतो. पत्रकात चूक झाली तर माफी मागून सुधारता येते. प्रमाणपत्र मात्र लोकांच्या फायलीत वर्षानुवर्षं राहतं, मुलाखतीत दाखवलं जातं. त्यावर दुसऱ्या संस्थेचं नाव, चिन्ह किंवा तिच्या कार्डासारखी रंगसंगती असेल तर ट्रेडमार्कच्या दाव्यापलीकडे फसवणुकीचा फौजदारी प्रश्नही उभा राहू शकतो. तुमच्या प्रमाणपत्रावर ट्रस्टचं नाव, विषय, तास, तारीख, शिकवणाऱ्या डॉक्टरांची सही एवढंच हवं. ‘उपस्थिती प्रमाणपत्र’ म्हणा.

परवानगी मागायला संकोच करू नका. या संस्थांकडे परवानगीसाठी ठरलेली व्यवस्था असते, आणि ना-नफा ट्रस्टला त्या सहसा आपुलकीने उत्तर देतात. ईमेलमध्ये ट्रस्टचा नोंदणी क्रमांक, नेमकं कोणतं नाव किंवा चिन्ह, कुठे छापणार, किती प्रती, कोणत्या भाषेत, किती दिवस, प्रायोजक कोण, आणि मसुद्याचा फोटो द्या. ‘तुमचं साहित्य वापरू का?’ असं मोघम विचारलं तर मोघम नकार येतो. फोनवरची हो ही परवानगी नव्हे. लेखी उत्तर छापून फायलीत लावा. चिटणीस बदलला तरी ते सापडायला हवं.

नोटीस आलीच तर घाबरून सगळं बंद करू नका आणि दुर्लक्षही करू नका. वापर थांबवा, मुदतीत उत्तर द्या, जे वापरलं ते किती आणि कुठे हे खरं सांगा. अशी बहुतेक प्रकरणं पत्रावरच मिटतात. दावा झालाच तर तो जिल्हा न्यायालयाखालच्या न्यायालयात चालत नाही, म्हणजे आपल्याकडे सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयातच. धमकी निराधार असेल तर कलम १४२ खाली उलट दाद मागता येते, पण तुमच्या या पत्रकावर ती मागायचा सल्ला मी देणार नाही.

कार्यशाळेला जे मराठी नाव द्याल ते नोंदवून ठेवा. ट्रस्टसाठी ऑनलाइन अर्जाची फी सर्वसाधारणपणे एका वर्गाला ९,००० रुपये. तुमच्यासाठी ४१ हा वर्ग आधी, ४४ नंतर. अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कोणालाही हरकत घेता येते, आणि नोंदणी १० वर्षांची असते. निव्वळ वर्णनाचा शब्द नोंदवायला जाऊ नका. तो मिळणं कठीण आणि मिळू नये हेच बरं, नाहीतर उद्या शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या मंडळाला आपणच अडवत बसू.

राहिली ती २,००० पत्रकं. आतल्या पानांचा मजकूर तुमच्या डॉक्टरांनी लिहिला आहे आणि चांगला आहे, तो वाया घालवू नका. पहिलं पान फाडून टाका आणि एकपानी नवीन छापून स्टेपल करा. मथळ्यावर पट्टी चिकटवणं मला पुरेसं वाटत नाही, कारण लाल क्रॉस आणि वर्तुळ वेगवेगळ्या कोपऱ्यांत आहेत, आणि पट्टी उन्हात सुटते. प्रमाणपत्रं अजून छापली नसतील तर तो मसुदा छापखान्यात जाण्याआधी मला दाखवा.